श्रीखंडाच्या डब्यात काय आहे?

बीएच्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलेली मुलं, डीएडच्या मुली, टीईटीला बसणारे शिक्षक शंका विचारायला येतात, तेव्हा वहीची पहिली दोन पानं पाहूनच कळतं गाडी कुठे अडणार आहे ते. पानभर तक्ता आखलेला असतो. पियाजे, चार अवस्था. एरिक्सन, आठ. कोलबर्ग, सहा. समोर वयं. टीईटीत बालमानसशास्त्रावर 30 गुणांचे 30 प्रश्न असतात, तेव्हा तक्ता पाठ करण्यात गैर काही नाही. पण ‘पूर्वक्रियात्मक अवस्था’ घोकून आलेल्या माणसासमोर चार वर्षांचं पोर बसवा आणि विचारा, हे त्या अवस्थेत आहे हे कशावरून? तो वय सांगतो. वय सांगायला जन्माचा दाखला पुरे, त्यासाठी पुस्तक कशाला?

म्हणून माझा पहिला सल्ला ठरलेला असतो. हाताशी एक मूल शोधा. स्वतःचं, भावाचं, शेजारचं, अंगणवाडीतलं, कुठलंही. पुस्तकातला एक शब्द वाचा आणि तो त्या मुलात सापडतो का ते बघा. काय बघायचं, तर मूल कुठे चुकतं ते. हुशारी दाखवायला घरातले सगळे टपलेलेच असतात. चुका बघायला कुणी थांबत नाही.

ही युक्ती माझी नाही. झाँ पियाजे यांचा जन्म 1896चा, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलचा. मुळात ते गोगलगायी-शिंपल्यांचे अभ्यासक. विशीत पॅरिसला गेले तेव्हा काम मिळालं ते रटाळच होतं: शाळकरी पोरांना बुद्धिमापनाचे प्रश्न विचारायचे आणि कुठल्या वयाच्या किती जणांना उत्तर येतं ते मांडायचं. बरोबर उत्तरं मोजता मोजता त्यांची नजर चुकलेल्या उत्तरांवर गेली. एका वयाची मुलं साधारण एकाच तऱ्हेने चुकत होती. नुसतं ठोकून देत असती तर चुका शंभर तऱ्हेच्या निघाल्या असत्या. म्हणजे पोरांचाही काहीतरी हिशेब होता, फक्त तो मोठ्यांचा नव्हता. 1980 साली मृत्यू येईपर्यंत हा माणूस त्या हिशेबाच्या मागे होता, आणि त्यातली सुरुवातीची कितीतरी टिपणं स्वतःच्या तीन मुलांजवळ बसून केलेली आहेत.

तो हिशेब आपल्या स्वयंपाकघरातही दिसतो. माझी भाची साडेचार वर्षांची होती. ताटात एक पोळी, आणि बाईसाहेबांना हव्या दोन. बहिणीने तीच पोळी उचलली, चार तुकडे केले, परत ताटात ठेवली. म्हणाली, “घे, आता चार झाल्या.” भाची खूश. वर चौथा तुकडा तिने परत केला. एवढं जाणार नाही म्हणाली. आपल्याकडच्या आया ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या करत आल्यात, पियाजेंचं नावही न ऐकता. तुकडे वाढले की मुलाला पोळी वाढल्यासारखी वाटते, कारण त्याची नजर एका वेळी एकाच गोष्टीवर बसते. तुकडे किती हे दिसतं, तुकडा केवढा हे निसटतं. शिवाय तुकडे मनातल्या मनात परत जोडून पाहणं त्याला अजून जमत नाही. ‘रूप बदललं तरी प्रमाण तेवढंच’ ही समज यायला साधारण सातवं वर्ष उजाडतं. पुस्तकात याला कन्झर्वेशन म्हटलेलं असतं. पोळी डोळ्यांसमोर ठेवा, शब्द आपोआप लक्षात राहतो.

करून बघायचं तर दोन सारखे पेले घ्या, दोन्हींत सारखं पाणी भरा. ‘सारखं आहे’ हे आधी मुलाकडूनच कबूल करून घ्या. ही पायरी गाळलीत तर पुढचं सगळं वाया. मग एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओता आणि विचारा. उत्तर काहीही येवो, ‘कशावरून?’ हा प्रश्न सोडू नका. खरा माल तिथेच असतो. ‘उंच झालं ना!’ म्हणणारं मूल आणि ‘परत ओतलं तर तेवढंच होईल’ म्हणणारं मूल यांच्यात मोठा पल्ला आहे.

आणि लगेच निकाल देऊ नका, कारण इथे चूक परीक्षकाचीही असू शकते. स्कॉटलंडमध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी 1974 साली असाच प्रयोग टिकल्यांच्या दोन ओळी मांडून केला. फरक एवढाच, की ओळ विस्कटायला त्यांनी एक खोडकर टेडी आणला. टेडीने येऊन खेळ मोडला आणि मग मुलांना विचारलं, तर ‘दोन्हीकडे सारख्याच’ म्हणणारी मुलं कितीतरी जास्त निघाली. मोठा माणूस मुद्दाम काहीतरी हलवतो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतो, तेव्हा मुलाला वाटतं, आपलं आधीचं उत्तर चुकलं असणार. आपल्या वर्गांत तर हे रोजचं आहे. बाईंनी ‘नक्की?’ म्हटलं की अर्धा वर्ग उत्तर बदलतो. शाळा ज्याला रोज हेच शिकवते, त्याच्या अवस्थेचा निवाडा दुसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नावरून करताना जरा सबुरी हवी.

भाषेतल्या चुका तर याहून मजेदार. अडीच-तीन वर्षांचं मराठी मूल एक दिवस म्हणतं, “मी करलं.” मुंगळा चिरडला तर “तो मरला.” घरात ‘करलं’ कुणीच म्हणत नाही, सगळे ‘केलं’च म्हणतात. मग पोर हे कुठून शिकलं? कुठूनच नाही. बस, बसलं, हस, हसलं, रड, रडलं अशी शेकडो रूपं ऐकून त्याने आपला आपण नियम काढला आणि ‘कर’ला लावला. निव्वळ नक्कल करत असतं तर ‘करलं’ त्याच्या तोंडून आलंच नसतं. मौज म्हणजे हेच मूल काही महिन्यांपूर्वी नीट ‘केलं’ म्हणत असू शकतं. आजी घाबरते, पोर मागे चाललंय. ते पुढे चाललंय. आधी ऐकलेला शब्द म्हणत होतं, आता व्याकरण जुळवतंय.

अमेरिकेत जीन बर्को यांनी 1958 साली नेमकं हेच तपासलं. न पाहिलेल्या एका प्राण्याचं चित्र काढलं, त्याला कुणी न ऐकलेलं नाव दिलं आणि मुलांकडून त्याचं अनेकवचन काढून घेतलं. मराठीत करून बघा. कागदावर काहीतरी ओबडधोबड काढा आणि सांगा, ही फिमडी. आता शेजारी आणखी एक काढली, तर या दोन…? चार-पाच वर्षांचं मूल ‘फिमड्या’ म्हणेल. कुणी शिकवलं त्याला? आणि ‘करलं’ हसून उडवू नका, ओरडूनही दुरुस्त करू नका. “हो का, तू केलंस?” एवढं म्हणा आणि पुढे चला.

आता श्रीखंडाचा डबा.

दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळी, प्रसंगी चुकीचीसुद्धा समजूत असू शकते, हे मुलाला जन्मतः ठाऊक नसतं. हे कधी कळतं हे पाहायला 1980च्या दशकात युरोपातल्या संशोधकांनी सोपी चाचणी काढली. गोळ्यांची ओळखीची डबी मुलाला दाखवायची. आत काय? गोळ्या. उघडली तर पेन्सिल. डबी बंद. आता बाहेर उभ्या असलेल्या तुझ्या मित्राला विचारलं तर तो काय म्हणेल? तीन वर्षांचं मूल बहुधा ‘पेन्सिल’ म्हणतं. आपल्याला कळलं म्हणजे जगाला कळलं. चौथं वर्ष ओलांडता ओलांडता बरीच मुलं ‘गोळ्या’ म्हणू लागतात, वर हसतातही.

भाची साडेतीनची असताना मी मोठ्या उत्साहाने श्रीखंडाचा डबा घेतला, आत खडू भरले आणि विचारलं, यात काय असेल? ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, “कोथिंबीर.”

दुसरा डबा काढला, आइस्क्रीमचा. “कालची आमटी.” बोर्नव्हिटाच्या बरणीत तिच्या मते मुगाची डाळ होती, आणि ती खरंच होती. मराठी घरात वाढलेल्या मुलाचा डब्यावरच्या चित्रावर काडीचा विश्वास नसतो! माझी चाचणी त्या घरात पहिल्याच पायरीला मेली. शेवटी बिस्किटाचा पुडा आणला, मागून हळूच फोडून आत चमचा सरकवला. ‘बिस्किटं’ असं उत्तर आलं, पुडा उघडला, चमचा निघाला, आणि मग विचारलं, बाबाने हे पाहिलं नाहीये, त्याला काय वाटेल? “चमचा,” ती म्हणाली. वाढदिवसानंतर काही महिन्यांनी परत विचारलं तेव्हा उत्तर आलं, “बिस्किटं,” आणि हात तोंडावर ठेवून ती बाबा यायची वाट पाहत दाराशी जाऊन बसली.

हे लांबण लावायचं कारण आहे. परदेशी चाचणी जशीच्या तशी उचलून आपल्या मुलाला लावली आणि ‘याला येत नाही’ असा शेरा मारला, तर तो शेरा मुलावर नसतो, डब्यावर असतो. प्रश्नातली वस्तू, प्रश्नाची बोली, विचारणारा माणूस ओळखीचा की परका, या सगळ्याचा उत्तरात वाटा असतो. प्रमाण मराठीत विचारलेला प्रश्न घरी अहिराणी किंवा वारली बोलणाऱ्या मुलाला कळलाच नसेल, तर पुढची सगळी गुणपत्रिका खोटी. आणखी एक. मूल पहिली सफाईदार थाप मारतं तेव्हा आईबापांना धक्का बसतो. थाप मारायला समोरच्याच्या डोक्यात काय आहे ते कळावं लागतं, म्हणजे बिस्किटाच्या पुड्याची परीक्षा ते पास झालंय. रागवायचं तर रागवा, पण मनात नोंद करून ठेवा.

परीक्षेत सगळ्यात जास्त गुण कुठे जातात म्हणाल, तर ऋण प्रबलनात. दर वर्षी निम्मी मुलं त्याला शिक्षा समजतात. नावातला ‘ऋण’ फसवतो. प्रबलन म्हणजे वागणं वाढवणारी गोष्ट, धन असो की ऋण. धनमध्ये काहीतरी मिळतं, ऋणमध्ये काहीतरी नकोसं टळतं. शिक्षेने वागणं कमी होतं. गाडीत पट्टा लावेपर्यंत पिकपिक वाजत राहतं आणि ते थांबावं म्हणून आपण पट्टा लावतो, हे ऋण प्रबलन. पट्टा नाही म्हणून पावती फाटली, ती शिक्षा.

आता वाण्याच्या दुकानात चला. मूल चॉकलेटसाठी जमिनीवर लोळण घेतं. चार लोक बघतात. आई चॉकलेट देते, रडणं बंद. मुलाला चॉकलेट मिळालं, तेव्हा त्याचं लोळणं धन प्रबलनाने पक्कं झालं. आईच्या कानाची कटकट थांबली, तेव्हा तिचं चॉकलेट देणं ऋण प्रबलनाने पक्कं झालं. एकाच क्षणात दोघं एकमेकांना शिकवतात, आणि शहाणपण शिकवणारे शेजारी फक्त मुलाला दोष देतात. यावर आई ठरवते, आता द्यायचंच नाही. तीन दिवस निभावते, चौथ्या दिवशी पाहुण्यांसमोर हार खाते. हे रोज देण्यापेक्षा वाईट. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर आणि उंदरांवर दाखवलं ते हेच: कधी मिळतं, कधी मिळत नाही अशा बक्षिसाने लागलेली सवय सर्वांत चिवट असते. लॉटरीचं दुकान त्याच्यावरच चालतं. तेव्हा द्यायचं असेल तर रडण्याआधी द्या. ‘नाही’ म्हणायचं असेल तर पाहुणे आले तरी टिकेल असंच ‘नाही’ म्हणा, आणि बंद केल्याकेल्या रडणं काही दिवस आधी वाढतं हेही धरून चाला.

बक्षिसांचं उलटंही होतं. 1973 साली अमेरिकेतल्या एका बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांना ‘काढलंत तर प्रमाणपत्र देऊ’ असं आधी सांगितलं. प्रमाणपत्रं मिळाली, आणि पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. स्वतःहून गोष्टीचं पुस्तक उघडणाऱ्या मुलाला पानामागे रुपया लावणाऱ्या काकांना हे सांगून बघा. मी सांगितलं होतं, पटलं नाही.

अटॅचमेंटसाठी पुस्तकात येणारा ‘आसक्ती’ हा शब्द मात्र मराठीत अडचणीचा. कानावर पडला की गीतेवरचं प्रवचन आठवतं. इथे अर्थ साधा: बाळाचं आपल्या माणसाशी जडलेलं नातं. मेरी ऐन्सवर्थ यांनी आधी युगांडातल्या आणि मग बाल्टिमोरच्या आया-बाळं पाहिली आणि वर्ष-दीड वर्षाच्या बाळासाठी एक छोटा प्रसंग रचला: आई खोलीतून जाते, थोड्या वेळाने येते. विद्यार्थी लिहितात, आई गेल्यावर रडतं ते असुरक्षित. चूक. पाहायचं असतं ते आई परत आल्यावर काय होतं ते. रडलेलं बाळ तिच्याकडे झेपावतं, खांद्यावर शांत होतं, परत खेळायला उतरतं, तर नातं भक्कम आहे. पाळणाघराच्या दारात रडणाऱ्या मुलाबद्दल ‘आईने लाडावलंय’ म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी सहाला त्याच दारात उभं राहून पाहावं. एक गोष्ट टाळा: डोळा चुकवून पळणं. आपल्याकडे आजी मुलाला काऊ-चिऊ दाखवते आणि आई मागच्या दाराने सटकते. त्या दिवशी रडणं वाचतं खरं. पण मुलाला कळतं की आई कधीही, न सांगता नाहीशी होऊ शकते, आणि मग ते बाथरूमच्या दारापर्यंतही पिच्छा सोडत नाही. सांगून जा, रडू द्या, सांगितलेल्या वेळेला या.

वाढीच्या टप्प्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावरून घराघरांत विनाकारण जीव टांगणीला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांची नोंद केली, तीत आधाराशिवाय चालणं 8.2 ते 17.6 महिन्यांच्या पट्ट्यात आलं. पट्टा केवढा बघा! शेजारचा दहाव्या महिन्यात चालला आणि आपला चौदाव्यात, दोघंही त्यात सहज बसतात. काही बाळं तर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. तेव्हा सरासरी वय पाठ करण्यापेक्षा पट्टा लक्षात ठेवा. मात्र पट्ट्याबाहेर गेलं, नावाने हाक मारल्यावर बाळ वळत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट, म्हणजे बोलत असलेले शब्द, नजर देणं, चालणं बंद पडलं, तर ‘याचा बापही उशिराच बोलला’ ही कथा ऐकत बसू नका. बालरोगतज्ज्ञाला दाखवा. सरकारी व्यवस्थेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत तपासणी होते आणि गरज पडली तर जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉत्स्की पियाजेंच्याच वर्षी, 1896 साली जन्मले आणि 37व्या वर्षी क्षयाने गेले. एकट्या मुलाला काय येतं एवढंच का बघता, हा त्यांचा प्रश्न. थोडा हात दिल्यावर काय जमतं तेही बघा. दोन मुलांना एकट्याने बेरीज येत नाही. एकाला ‘बोटांवर धर’ म्हटलं की जमते, दुसऱ्याला तरीही नाही. तक्त्यावर दोघं सारखे, शिकवणाऱ्यासाठी अजिबात नाहीत. येणारं आणि न येणारं यांच्या मधल्या या जागेला समीप विकासाचं क्षेत्र म्हणतात. शिकवायचं ते तिथे. सायकल शिकवताना मागची सीट धरणारा बाप आठवा. तो पेडल मारत नाही आणि लांबही उभा राहत नाही. सीट कधी सोडायची हे त्याच्या हाताला कळतं.

आपल्याकडे हे शब्द रूढ व्हायच्या कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945पासून बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर जे केलं, ते मला या संदर्भात नेहमी आठवतं. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. साधनं म्हणाल तर शिंपले, बिया, पानं, खडे. मुलाला जे येतं तिथून पुढे.

कामाची गोष्ट एकच उरली, वही. रोज पंधरा मिनिटं, एकच मूल, आणि पानावर दोन रकाने. डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे मला काय वाटलं ते. ‘हट्टी आहे’ हे डावीकडे चालणार नाही. ‘चेंडू काढून घेतल्यावर दोन मिनिटं पाय आपटले, आजीने उचलल्यावर थांबला’ हे चालेल. पहिल्या आठवड्यात डावा रकाना रिकामा राहतो आणि उजवा भरून वाहतो, ते स्वाभाविक आहे. प्रश्न विचारायचे ते खेळाखेळात, मूल कंटाळलं की बंद. चुकलेलं उत्तर पाहुण्यांसमोर हसायला वापरायचं नाही. ते उत्तर तुम्हाला विश्वासाने दिलेलं असतं.

भाची आता आठ वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत मी परत दोन पेले काढले, पाणी भरलं, उंच पेल्यात ओतलं आणि विचारलं. तिने माझ्याकडे, मग पेल्यांकडे, मग स्वयंपाकघरात आईकडे पाहिलं.

“सारखंच आहे,” ती म्हणाली. आणि जरा दबक्या आवाजात, “मावशी, तू दर वेळी हेच विचारतेस. तुला अजून येत नाही का?”